घरांआधीचे चर

मी पुण्यात पुरातत्त्व शिकले आणि लग्न करून कुवेतला आले. हे सांगितलं की लोक हसायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही हसायचे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला तिथे नोकरी मिळणं अवघड, मिळालीच तर एखाद्या इंडियन शाळेत. मंगफमधल्या आमच्या इमारतीत बहुतेक बिऱ्हाडं दक्षिणेकडच्या तेलाच्या पट्ट्यात कामाला जाणाऱ्या इंजिनियर आणि टेक्निशियन लोकांची होती. त्यांच्या बायका शिकवण्या घ्यायच्या, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या. मी गणिताच्या शिकवण्या घेतल्या. पुरातत्त्वाची शिकवणी कोण लावणार होतं?

अशी बरीच वर्षं गेली. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने बोलता बोलता सांगितलं की फिंतासच्या मागे, महामार्ग ओलांडून आत वाळवंटात, सरकारी घरांची नवी वसाहत व्हायची आहे. रस्ते आखण्याआधी जमिनीखाली काही जुनं आहे का ते बघायला एक सुदानी तज्ज्ञ आले आहेत, आणि त्यांना चित्रं काढणारं माणूस मिळत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. ते उंच, सडसडीत, साठीच्या घरातले गृहस्थ होते. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. त्यांनी माझी प्रमाणपत्रं उघडूनही पाहिली नाहीत. ऑफिसच्या कंटेनरबाहेर पाण्याच्या पाइपसाठी खड्डा खणलेला होता. त्यांनी मला कागद, पेन्सिल आणि टेप दिली आणि त्या खड्ड्याची एक बाजू काढून दाखवायला सांगितली. मी उन्हात मांडी घालून ती काढली. वरची उडती वाळू, तिच्याखाली बारीक खड्यांची माती, आणि त्याखाली तो पांढरट टणक थर, ज्याला तिथे गच म्हणतात. डॉक्टरांनी कागद थोडा लांब धरून बघितला आणि उद्यापासून या म्हणाले. परवानगीचं काय ते बांधकाम कंपनीने बघितलं.

चाचणीचे चर हे आमच्या विद्येतलं सगळ्यात रुक्ष काम. अख्खी जमीन खणायला वेळ नसतो, म्हणून तिच्यावर अंतरा-अंतराने लांब, अरुंद चर मारायचे आणि प्रत्येकाच्या तळाला आणि बाजूंना काही दिसतंय का ते पाहायचं. वरची वाळू जेसीबी काढतो, खालचं माणसं हाताने खरवडतात. काही सापडलं तर तिथे मोठ्या उत्खननाची मागणी करायची. नाही सापडलं तर जमीन मोकळी, घरं बांधा. काही सापडू नये अशी बांधकाम कंपनीची इच्छा असते, आणि आमची नेमकी उलटी. पण उन्हाळा लागायच्या आत सगळं आटपून जमीन ताब्यात द्यायची हे आम्ही पहिला चर घेण्याआधीच ठरलं होतं. आमच्या इच्छेला फारसा अर्थ नव्हता, आणि डॉक्टर ते ओळखून होते.

खणणारी माणसं कंपनीचीच होती. त्यातली बरीच कोकणातली, करारावर आलेली, एका खोलीत पाच-सहा जण राहणारी. त्यांचा मिस्त्री संगमेश्वरकडचा होता. बुटका, पन्नाशीचा, डोक्याला कायम मफलर गुंडाळलेला. मी मराठी बोलते हे कळल्यावर पहिल्याच सकाळी त्याने मला वयनी करून टाकलं. आमच्या कामाबद्दल त्याचं मत बरं नव्हतं. जन्मभर भिंती बांधल्या, आता भोकं पाडून परत बुजवायची, हे कसलं काम, असं तो उघड म्हणायचा. पण खुंट्या रोवून दोरी ताणायची तर त्यानेच ताणावी.

हिवाळ्याचे दिवस होते. सकाळी समुद्राकडून धुकं यायचं आणि चरांच्या कडा ओल्या व्हायच्या. लांबवर कुवेती कुटुंबांचे तंबू दिसायचे. थंडीत ते हौसेने वाळवंटात राहायला येतात. आम्ही खरवडत होतो आणि हाती लागत होत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, गंजलेले डबे, गोळ्यांची रिकामी पितळी टरफलं. जमीन सुरुंग काढून साफ केलेली होती, पण टरफलं कोण गोळा करणार? इराकी फौजा येऊन गेल्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. संध्याकाळी घरी आले की मुलगी इंग्रजीतून विचारायची, "फाउंड एनिथिंग?" मी म्हणायचे, नथिंग.

एकदा मात्र एका चरात जळक्या मातीचा गोल निघाला, दगड मांडलेला, राखेत शिंपल्यांचे तुकडे आणि बोटाएवढी दोन खापरं. कुणीतरी, कधीतरी, समुद्रावरून शिंपले आणून तिथे भाजून खाल्ले होते. डॉक्टर त्या दिवशी खूप बोलले, स्वतःच्या गावाबद्दल, नाईलकाठच्या उत्खननांबद्दल. त्यांनी मोठ्या उत्खननाची मागणी लिहून पाठवली. उत्तर लवकर आलं. एका चुलीसाठी वसाहत थांबवता येणार नाही असं त्यात होतं.

त्यानंतर काही दिवसांनी जमिनीच्या पश्चिम टोकाच्या चरात मी छेद, म्हणजे चराच्या बाजूचं चित्र, काढायला बसले होते. काढता काढता माझ्या लक्षात आलं की इथे गचचा पांढरा थर सलग नाही. तो मध्येच सरळ रेषेत तुटला होता आणि त्या जागी वरची-खालची माती एकमेकांत मिसळलेली होती. कुणीतरी खड्डा खणला होता आणि त्याच मातीने परत भरला होता. गच फोडायला आमच्या माणसांना पहार लागायची. म्हणजे ज्यांनी खणलं त्यांनीही मेहनत घेतली होती. खड्ड्याची लांबी माणसाएवढी होती.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं, बोटांनी माती चुरडली आणि कबर असावी असं म्हणाले. आवाज शांत होता पण ते लगेच गुडघे टेकून बसले. मिस्त्री आणि आणखी एक जण त्यांच्या सांगण्याप्रमाणे छोट्या थापीने माती काढू लागले. मी वर काठावर उभी राहून माप घेत होते आणि मनात शतकं मोजत होते. पुण्यात शिकलेलं सगळं परत येत होतं. डोकं कुठल्या दिशेला असेल, सोबत एखादं भांडं असेल, मणी असतील.

मिस्त्रीची थापी थांबली. तो म्हणाला, "वयनी, ह्यो टायर हाय."

टायर नव्हता. काळ्या रबराची जाड कड होती, तिच्यावर शिवण होती, आणि आणखी माती सरकल्यावर पितळी भोकं दिसली आणि त्यांतून ओवलेली नाडी. नाडीची गाठ तशीच होती. वरच्या बाजूला खाकी कापडाचा तुकडा आणि त्यावर एका पट्ट्यापट्ट्यांच्या ब्लँकेटची कड.

डॉक्टरांनी सगळ्यांना वर यायला सांगितलं. मिस्त्रीने डोक्याचा मफलर काढून हातात घेतला. थोड्या वेळाने डॉक्टर कंटेनरकडे फोन करायला गेले आणि जाता जाता मला म्हणाले की ते येईपर्यंत जेवढं दिसतंय तेवढं काढून ठेवा. मी बसले आणि काढलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. पाय गुडघ्यात किंचित वाकलेला, बूट डाव्या कुशीवर, ब्लँकेटची कड कुठून कुठे. जुन्या कबरीचं काढतात तसंच मापाने काढलं.

पोलिस आले, मग लष्कराचे लोक आले, मग पांढरे हातमोजे घातलेले लोक आले. चरावर ताडपत्री ओढली गेली. आम्हाला एकेकाला कंटेनरमध्ये बोलावून विचारलं. मला विचारणारा अधिकारी तरुण होता, सौम्य बोलणारा. त्याने मी काढलेला कागद मागितला, बघितला आणि आपल्या फायलीत ठेवला. मी म्हणाले की तो अर्धवट आहे. तो म्हणाला, आता त्याची गरज नाही. मग एका अरबी कागदावर माझी सही घेतली आणि या विषयावर बाहेर कुणाशीही बोलायचं नाही असं इंग्रजीत समजावलं.

त्या संध्याकाळी मुलीने विचारलं तेव्हा मी नथिंगच म्हणाले. ती आपल्या खोलीत गेल्यावर जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो स्वारीच्या वेळी कुवेतमध्येच होता, तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं. हजारो इंडियन लोकांसारखा तोही बसने बगदादवरून जॉर्डनला आणि तिथून विमानाने घरी पोचला होता. त्या प्रवासाबद्दल त्याने मला कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पोळीचा तुकडा हातात धरून तो म्हणाला की वाटेत एका नाक्यावर एका सैनिकाने बस थांबवली, सगळ्यांना वाटलं आता सामान काढून घेणार, पण त्याने पाणी मागितलं. त्याचे बूट त्याच्या पायांना फार मोठे होते, चालताना टाचा निघायच्या. एवढं सांगून तो परत जेवायला लागला. मग म्हणाला, "सही केलीयस ना, आता विषय बंद. आपण इथे इकाम्यावर आहोत." इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो गेला की सगळं गेलं. त्याचं चुकत नव्हतं.

सांगाडा त्यांनी नेला. दुसऱ्या चरांवरचं काम परत सुरू झालं. आणि कुणीही काही बोललं नाही तरी बातमी पसरली.

मग एके सकाळी कुंपणापाशी एक मोठी पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून एक म्हातारी कुवेती बाई उतरली. काळा अबाया, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी. चौकीदाराने अडवलं तर ती त्याच्याकडे न बघता आत आली. डॉक्टर पुढे गेले, अरबीत बोलले, आणि ती त्यांचं ऐकून घेत असताना चष्म्याआडून माझ्याकडे बघत राहिली. मी सलवार-कमीजमध्ये, डोक्यावर टोपी, हातात मोजपट्टी. ती सरळ माझ्याकडे आली.

"बाई, तुम बंबई का है?"

मी दचकले. ती हिंदी मुंबईचीच होती. कुवेतमध्ये त्या पिढीतली अशी माणसं होती हे मी ऐकलं होतं. तेल निघायच्या आधी तिथले व्यापारी गलबतं घेऊन मुंबईला यायचे, मोती आणि खजूर विकायचे, काही जण बिऱ्हाड करून राहायचे. तिचं लहानपण भेंडीबाजाराजवळ गेलं होतं. तिने मला जिन्यावरून खाली दिसणाऱ्या ट्रामबद्दल सांगितलं, शेजारच्या मराठी कुटुंबाबद्दल सांगितलं. "इकडे ये", "पाणी पाहिजे" असे दोन-चार मराठी शब्द तिला अजून येत होते. हे सगळं तिने घाईघाईने, जणू ओळख पटवायला सांगितलं, आणि मग विचारलं की जो सापडला तो मी बघितला का.

मला सही आठवली. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

तिचा धाकटा मुलगा फौजा परत जायच्या अगदी शेवटच्या दिवसांत गेला होता. त्या दिवसांत जळत्या तेलविहिरींच्या धुराने दुपारीच अंधार व्हायचा. तो कोपऱ्यावर खुबूस, म्हणजे रोटी, आणायला गेला आणि रस्त्यावरच्या इतर पुरुषांबरोबर त्याला ट्रकमध्ये घालून नेलं. असे शेकडो लोक गेले होते. त्यांचे फोटो दुकानांत, गाड्यांच्या काचांवर लावलेले असायचे. ते कुठेतरी कैदेत जिवंत आहेत असं सगळे म्हणत. ती म्हणाली, मी आता तसं म्हणत नाही. मला तो जिवंत नको, मला तो सापडलेला हवा.

मग तिने विचारलं, त्याच्या पायात काय होतं?

मी विचारलं, तुमच्या मुलाच्या पायात काय होतं? ती म्हणाली, घरातल्या चपला. खुबूस आणायला कोण बूट घालतो?

मला वाटलं आता सांगावं. सांगितलं की तिला खात्री पटेल आणि ती घरी जाईल. निदान या चराचा प्रश्न तरी तिच्यापुरता मिटेल. मी हळू आवाजात सांगितलं की बूट होता. सैनिकाचा जाड बूट, नाडी बांधलेला. खाकी कापड होतं. वर ब्लँकेट होतं. तुमचा मुलगा नाही तो, खाला.

तिने काठी दोन्ही हातांनी धरली. बराच वेळ ती ताडपत्रीकडे बघत होती.

"बूट वो लोग दिया होगा," ती म्हणाली. "थंडी था ना, बाई."

मग तिने सांगितलं की सैनिकांनी त्यांच्या घरातून ब्लँकेटंसुद्धा नेली होती. पट्ट्यापट्ट्यांची होती त्यातली काही. मी पट्ट्यांबद्दल काही बोलले नव्हते. पण पट्ट्यांची ब्लँकेटं त्या देशात घरोघरी असतात, आमच्या घरीही होतं. मी काहीही सांगितलं असतं तरी तिने ते त्याच्या अंगावर घातलं असतं.

ती दुसऱ्या दिवशी आली. नंतरही येत राहिली. गाडी कुंपणाशी उभी करायची आणि त्या चराजवळ येऊन थांबायची. कंपनीच्या मॅनेजरने चौकीदाराला ताकीद दिली, पण एका म्हाताऱ्या कुवेती बाईच्या अंगाला हात लावून तिला अडवायची हिंमत कुठल्या बांगलादेशी चौकीदारात असणार? डॉक्टरांनी कंटेनरमधली खुर्ची आणून तिच्यासाठी ठेवली. मिस्त्री तिला काळा चहा द्यायचा, भरपूर साखर घालून, आणि मावशी म्हणायचा. ती त्याला "शाबास" म्हणायची. आम्ही काम करत असायचो आणि ती बसलेली असायची. अधूनमधून मला बोलवून आधी सांगितलेलंच परत विचारायची. गाठ कशी होती? पाय मोठा होता की लहान? मी जेवढं बघितलं होतं तेवढं सांगत राहिले. मला एक पाय दिसला होता, तिला अख्खा माणूस हवा होता.

डॉक्टरांना मी एकदा म्हटलं की तुम्ही सरकारी खात्यात विचारा, ओळख पटली का, कोणाचा होता. त्यांनी विचारलं होतं. त्यांना सांगण्यात आलं की हा तुमचा विषय नाही. हे मला सांगताना ते हातातली खापरं इकडून तिकडे करत होते. म्हणाले, "मी आयुष्यात कितीतरी कबरी उघडल्या. माझ्या चराच्या काठावर कुणी विचारायला येऊन बसलं नव्हतं."

मिस्त्रीचं म्हणणं वेगळं होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तो माझ्याजवळ येऊन बसला.

"वयनी, तोच हाय म्हणून सांगा ना तिला."

मी म्हटलं, असं कसं सांगू?

"तिची रडारड तरी होऊन जाईल. बसल्ये नुसती."

"आणि तो नसला तर?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "नसला तरी कोणाचा तरी हायच ना."

त्याचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मी आडून आडून नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तू काहीही सांगितलंस तरी तिला शरीर लागणार, पुरायला. ते कुठून देणार? ते खरं होतं. मी तिला खोटं सांगितलं नाही, पण ते तत्त्व म्हणून नव्हे. खोटं बोलूनसुद्धा तिला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग तिचा मोठा मुलगा आला. कुवेत शहरात शर्कमध्ये कुठेतरी ऑफिस असलेला, इस्त्रीची पांढरी पायघोळ दिशदाशा घातलेला, चाळिशी उलटलेला माणूस. आई खुर्चीत बसलेली असताना तो मला बाजूला घेऊन इंग्रजीत बोलला. मला वाटलं रागावेल. तो रागावला नाही. त्याने सांगितलं की तपासणी झाली, घरच्यांच्या रक्ताशी जुळवून बघितलं, तो त्याचा भाऊ नाही. पलीकडचा सैनिक असणार. आईला हे त्याने स्वतः सांगितलं होतं, तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडून सांगवलं होतं, मशिदीच्या इमामांकडूनही. ती ऐकून घेते, मान हलवते आणि सकाळी ड्रायव्हरला उठवते.

मी विचारलं, मी तिच्याशी बोलणं बंद करू का?

तो चराकडे बघत म्हणाला, "नको. घरी ती कुणाशी बोलत नाही. इथे निदान हिंदी तरी बोलते."

मग त्याने आईचा हात धरून तिला उठवलं. ती जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, कल आती, बाई.

मी त्या सैनिकाबद्दलही विचार करायचे. त्याला कुणी पुरलं होतं? ज्यांनी गच फोडला आणि वर ब्लँकेट टाकलं, ते त्याचे सोबती परत पोचले का? त्याचीही आई कुठे असेल. पण तिच्यासाठी कुंपणाशी गाडी थांबणार नव्हती, आणि त्याचं काय केलं हे विचारण्याची माझी प्राज्ञा नव्हती. त्याची हाडं कुठल्या पेटीत, कुठल्या खोलीत आहेत, हे मला आजही माहीत नाही.

मार्चमध्ये ऊन वाढलं. धुळीची वादळं सुरू झाली. चर एका रात्रीत अर्धे भरून जायचे आणि कंपनी म्हणायची की आता परत उपसू नका. डॉक्टरांनी अहवाल लिहिला. चुलीबद्दल त्यात एक परिच्छेद होता. पश्चिमेच्या चराबद्दल एवढंच की तो अलीकडच्या काळात विस्कटलेला आढळला. मी तो टाइप केला. "विस्कटलेला" या शब्दाशी थांबले, डॉक्टरांना विचारलं की दुसरा शब्द घालू का. त्यांनी विचार केला आणि म्हणाले की आमच्या शास्त्रात त्याला हाच शब्द आहे.

बुजवायच्या दिवशी ती आली होती. जेसीबी एकेक चर भरत पश्चिमेकडे सरकत होता. मिस्त्रीने ऑपरेटरला जाऊन सांगितलं की तो चर शेवटी घे. त्याने तसं केलं, पण दिवस संपायच्या आत घ्यायलाच हवा होता. तिच्या खुर्चीपासून जरा अंतरावर माती पडायला लागली. मला वाटलं ती उठेल, ओरडेल, काठी उगारेल. ती बसून राहिली. माती भरून सपाट झाल्यावर तिने मला जवळ बोलावून विचारलं की आता इथे काय होणार. मी म्हटलं घरं होणार, खाला. तिने विचारलं, कोणाची? मी म्हटलं, लोकांची. नवीन लग्न झालेल्यांना मिळतात ना सरकारकडून, त्यांची. ती म्हणाली, अच्छा. तिच्या धाकट्याचंही नाव घरासाठी लावलेलं होतं, लग्न ठरायच्या आधीच. मग ड्रायव्हरने तिला गाडीपर्यंत नेलं. मी तिच्या गाडीमागे दोन पावलं चालले आणि थांबले.

डॉक्टर उन्हाळ्यात खार्तूमला परतले. मिस्त्रीचा करार संपल्यावर तो गावी गेला तो परत आलाच नाही. मी पुन्हा गणिताच्या शिकवण्या घेऊ लागले. वसाहत उभी राहिली. रुंद रस्ते, मशीद, बेकरी, शाळा, एकसारखी वाळूच्या रंगाची घरं. एकदा नवऱ्याला मुद्दाम गाडी तिकडून घ्यायला लावली. तो चर नेमका कुठे होता हे मला ओळखता आलं नाही. माझ्या डोक्यातल्या नकाशात खुंट्या होत्या आणि तिथे खुंट्या नव्हत्या.

काही वर्षांनी पलीकडची राजवट पडली आणि इराकच्या वाळवंटात सामुदायिक कबरी सापडायला लागल्या. नेलेल्यांपैकी बरेच जण तिथे होते. त्यांची हाडं पेट्यांतून परत येऊ लागली, राष्ट्रध्वजात गुंडाळून. पेपरात दफनविधीचे फोटो यायचे. मी प्रत्येक फोटो बघायचे. पुढे पुरुष, मागे लांबवर काळ्या अबायातल्या बायका, चेहरे न दिसणाऱ्या. नवरा म्हणायचा, नाव माहीत असतं तर शोधता आलं असतं. मी तिला पहिल्या दिवसापासून खाला म्हटलं होतं आणि तिने मला बाई. दोघींपैकी कुणाला त्याहून जास्त लागलंच नव्हतं.

आम्ही कुवेत सोडायच्या थोडं आधीची गोष्ट. फिंतासच्या दवाखान्यात मी बायकांच्या रांगेत बसले होते. शेजारी एक म्हातारी कुवेती बाई इंडियन मोलकरणीशी कशावरून तरी हिंदीत वाद घालत होती, त्याच जुन्या मुंबईच्या हिंदीत. मी वळले. चेहरा पाहिला, ती नव्हती. तरी मी बोलायला सुरुवात केली. तिलाही मुंबई आठवत होती, चौपाटी आठवत होती. मग मी धीर करून विचारलं की अशी अशी एक बाई, तुमच्याच वयाची, जाड चष्मा, काठी, लहानपण भेंडीबाजारात गेलेलं, जिच्या मुलाला खुबूस आणायला गेला असताना नेलं, तिला तुम्ही ओळखता का? तो सापडला का?

तिने आठवून बघितलं. मनापासून आठवलं असं मला वाटलं.

"किस का अम्मा?" ती म्हणाली. "ऐसा तो बहुत है, बेटी."

मी नाव सांगू शकले नाही. तेवढ्यात आतून तिला हाक आली आणि मोलकरणीच्या खांद्यावर हात ठेवून ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.